दोन मापं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. ऋतुजा हिला पप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. दोन वाक्यं झाली की इकडं तुझी आई फोन ओढून घेते आणि तिकडून तू "ठेवते पप्पा, काम आहे" म्हणतेस. म्हणून लिहायला बसलोय. गिरणीत आज गर्दी नाही, दिवाळीच्या भाजण्या यायला अजून आठवडा आहे.

काल स्नेहलचा फोन आला होता. तुला सांगूनच करतेय म्हणाली. जिन्यात तुला अंधारी आली, पोटऱ्यांना गोळे आले आणि तू पायरीवरच बसून राहिलीस, एवढं तिनं सांगितलं. पोरगी घाबरली होती, पण धीरानं बोलली. तिच्यावर रागावू नको.

तेव्हा आधी कामाचं लिहितो. उद्या सकाळी रक्त तपासून घे. सोडियम-पोटॅशियम म्हणून सांगायचं, लॅबवाल्यांना कळतं. आणि ईसीजी काढून घे. वारंवार उलट्या झाल्या की अंगातलं पोटॅशियम उतरतं, स्नायूंना गोळे येतात आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. वरून माणूस धडधाकट दिसतो, ऑफिसला जातो, हसतो, आणि आत हे चाललेलं असतं. एकदाच लिहितोय. या पत्रात पुन्हा रक्ताचं नाव काढणार नाही.

उलट्यांचं पप्पांना कुणी सांगितलं असं तुला वाटेल. कुणी सांगितलं नाही. खंडेनवमीला गिरणीची पूजा झाली आणि तुझी दाढ ठणकायला लागली, म्हणून आपण राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. तू खुर्चीत, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर तुझी पर्स. त्या बाईंनी छोटा आरसा तुझ्या तोंडात फिरवला, परत फिरवला, दिवा जवळ ओढला. म्हणाल्या, वरचे पुढचे दात बाहेरून छान आहेत, पण आतल्या बाजूनं झिजलेत, कडा इतक्या पातळ झाल्यात की आरपार उजेड दिसतोय. ब्रशनं अशी झीज होत नाही, आम्लानं होते. मग आवाज खाली आणून विचारलं, "ॲसिडिटी आहे का? उलट्या होतात का?" तू दिव्याकडं बघत राहिलीस. उजवा हात तेवढा ओढणीखाली घेतलास. त्या हाताच्या बोटाच्या पेरावरचा घट्टा मी गणपतीतच बघितला होता. स्कूटीवरून घसरले म्हणाली होतीस.

येताना गाडीवर आपण दोघंही काही बोललो नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि हिरवा पडायच्या आत काढून घेतलास. मला तो अजून जाणवतोय.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणपोळीच्या ताटावरून जे झालं ते झालं, आता ते उगाळत नाही. बाथरूमचं दार, वाहता नळ, तुझ्या आईचं दार वाजवणं आणि आतून तुझं ते, "तुम्ही सगळे माझ्यावर पहारा ठेवता." दसरा चौकात सोनं लुटायला यंदा आपल्या घरातून कुणी गेलं नाही. आज्जीनं तुझ्या उशाला ठेवलेली आपट्याची पानं मात्र तू बॅगेत घालून नेलीस, तेवढं मी बघितलं.

तू गेल्यावर मी एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटून आलो. एकटाच. तुझं नाव घेतलं नाही, "माझी मुलगी" एवढंच म्हणालो. ते म्हणाले, मुलीला बघितल्याशिवाय मी आजाराचं नाव देणार नाही, पण तुम्ही सांगताय ते बुलिमियासारखं वाटतंय. दिवसभर उपाशी राहायचं, रात्री भूक आवरेनाशी झाली की दार लावून मिळेल ते भराभर खायचं, मग शरमेनं उलटी काढायची, आणि उद्यापासून कडक राहायचं म्हणून शपथ घ्यायची. दुसऱ्या रात्री परत तेच. लंडनमधले जेरल्ड रसेल म्हणून डॉक्टर होते, त्यांनी 1979 साली हा आजार वेगळा ओळखून त्याला नाव दिलं. बोटांच्या पेरांवरच्या घट्ट्यांची नोंदही त्यांचीच. म्हणजे जी खूण तू ओढणीखाली लपवलीस, ती जगात कितीतरी पोरींच्या हातावर आहे. पोरांच्याही आहे.

डॉक्टर आणखी एक म्हणाले आणि मला खुर्चीतून उठवेना. या आजारात वजन बहुतेक वेळा फारसं उतरत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. उलट सारख्या उलट्यांनी गालाजवळच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात आणि तोंड भरल्यासारखं दिसतं. गणपतीत इंदूआत्ती भर घरात काय म्हणाली होती? "पुण्याचं पाणी मानवलं गं पोरीला, गाल बघा कसे भरलेत." तिच्या मनात कौतुकच होतं. तू हसलीस. त्या दिवसापासून तू आरतीला खाली आली नाहीस.

ऋतू, आपल्याकडं माणूस भेटलं की आधी त्याच्या अंगाकडं बघतात. "वाळलीस की गं", "सुटलीस की", "लग्नाआधी जरा कमी कर". बोलणारा बोलून पानाच्या टपरीवर जातो, ऐकणारीच्या डोक्यात ते महिनोन् महिने फिरत राहतं. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, इथून पुढं या घरात कुणाच्या अंगावरून बोलणं होणार नाही, कौतुकाचंही नाही. आत्तीलाही फोन करून सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, पोरीला माझी पापी दे.

डॉक्टरांनी मला विचारलं, "मुलगी दुसऱ्यांशी कशी वागते?" मी इतकं सांगत सुटलो की त्यांनी पेन खाली ठेवलं. आज्जीची उजवी बाजू गेली तेव्हा तू बारावीत होतीस. क्लासवरून आलीस की दप्तर टाकून आधी तिच्या उशाशी. चमच्यानं पेज भरवायचीस, ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून ती गळायची, तू पदरानं पुसायचीस, तिच्याच पदरानं, म्हणजे तिला वाटू नये की पोरगी किळस करते. "हळू खा आज्जी, आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" हे तुझं वाक्य. तिनं आज किती खाल्लं, किती सांडलं, याचा हिशोब तू कधी केला नाहीस. पिंट्या दहावीत नापास झाला तेव्हा त्याचा बाप पट्टा घेऊन फिरत होता आणि तू त्याला रंकाळ्यावर नेऊन भेळ खायला घातलीस. परत आला तेव्हा तो हसत होता. काय सांगितलंस ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आणि स्वतःशी कशी वागते?" तिथं माझं बोलणं अडलं. मला एवढंच आठवलं की वहिनीच्या डोहाळजेवणाच्या एकाही फोटोत तू पुढं नाहीस. सगळ्यांच्या मागं, कुणाच्या तरी खांद्याआड. आणि विद्यापीठात दुसरी आलीस तेव्हा पेढे वाटायच्या आधी तू मला पहिल्या आलेल्या मुलीचे मार्क सांगितलेस.

गिरणीत वर्षाला वजनमापंवाले येतात, तुला माहीत आहे. काट्यावर खरी वजनं ठेवून बघतात, मग शिक्का मारतात. द्यायचं माप एक आणि घ्यायचं माप दुसरं ठेवणाऱ्या दुकानदाराला पेठेत कुणी उभं करत नाही. तू तशीच दोन मापं ठेवलीस, फक्त खोटं माप स्वतःसाठी ठेवलंस. पिंट्या नापास झाला तर "पेपर अवघड होता, परत बसू", आणि तुझ्या हातून एक लाडू जास्त खाल्ला गेला तर "मी घाण आहे". हा शब्द मी माझ्या कानानं ऐकलाय. दसऱ्याच्या दिवशी दाराआडून तू आईला म्हणालीस. या घरात कुणी कुणाला असं म्हटलेलं नाही. शत्रूलाही आपण घाण म्हणत नाही, आणि तू माझ्या मुलीला म्हणतेस.

हे जरा जोरात लिहिलं गेलं. तुला दटावायचं नाही मला.

6 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवते काय? विनेश फोगट पॅरिसला 50 किलोच्या गटात फायनलला गेली. पहिल्याच कुस्तीत तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला तोवर जपानबाहेरच्या कुणी हरवलेलं नव्हतं. तालमीत पोरं नाचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन भरलं 100 ग्रॅम जास्त. पोरगी रात्रभर पळत होती, पाण्याचा घोट घेतला नव्हता, केससुद्धा कापले, तरी ते 100 ग्रॅम उतरले नाहीत आणि ती बाद झाली. तू ऑफिसातून मला फोन केलास. रडत होतीस. म्हणालीस, "पप्पा, शरीर आहे ते. तिची काय चूक?" मी स्पीकर लावला आणि तालमीत बसलेल्या पोरांना तुझं बोलणं ऐकवलं. त्यातला एक जण, तुझ्यापेक्षा लहान, डोळे पुसत उठून गेला, कारण त्याचंही वजन उतरवणं चाललेलं होतं. तुझा मला केवढा अभिमान वाटला होता! जिला तू कधी भेटली नाहीस तिच्या शंभर ग्रॅमसाठी तू भांडलीस. मग तुझ्याच बाजूनं तू एकदाही का भांडत नाहीस?

वजन उतरवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी 57 किलोत खेळायचो. खाशाबा जाधवांनी 1952 च्या ऑलिंपिकला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं तोच गट, म्हणून आम्हाला त्याचा तोरा असायचा. कुस्तीचं अधिवेशन जवळ आलं की उन्हात दोन-दोन स्वेटर घालून रंकाळ्याला चकरा मारायच्या, पाण्याचा घोट तोंडात फिरवून थुंकायचा, लिंबाची फोड चोखायची. जीभ टाळूला चिकटायची. रात्री झोपेत मला गंगावेशीतला दूध कट्टा दिसायचा, म्हैस दारात, फेसाळलेला ग्लास, आणि ग्लास ओठाला लागायच्या आत जाग यायची. त्या दिवसांत मी तुझ्या आज्जीवर ओरडायचो, भावाशी बोलायचो नाही, कुणी हसलं तर वाटायचं मलाच हसतोय. उपाशी माणसाला सगळी दुनिया वैरी दिसते. वजन झालं की बाहेर माणसं केळी आणि दूध घेऊन उभी असायची. आम्ही पोट दुखेपर्यंत खायचो, हात थांबायचा नाही. पण एकमेकांच्या हातातलं हिसकावून खायचो, वस्ताद समोर बसून बघायचे, आणि कुणाला लाज वाटायची नाही. आमचं वजन वर्षातून दोनदा-तीनदा व्हायचं आणि संपायचं. तुझं रोज होतं, आणि काट्यावरून उतरल्यावर केळं घेऊन उभं राहायला तू कुणाला जवळ येऊ देत नाहीस.

हात थांबत नाही याला तू अधाशीपणा म्हणतेस. डॉक्टरांनी मला त्यावर अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. दुसरं महायुद्ध चालू होतं, 1944 ची गोष्ट. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 तरुण घेतले. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणणारी ही पोरं, अंगानं आणि मनानं तपासून घेतलेली, धट्टीकट्टी. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरलं. पण वजनाचं सोड. ही पोरं दिवसभर जेवणाबद्दलच बोलायला लागली, स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी झाली, माणसांतून उठली. आणि परत पोटभर मिळायला लागल्यावर त्यातल्या काहींना किती खाल्लं तरी थांबता येईना. त्यांना कुठं आरशाची काळजी होती? त्यांना कुठं कुणी जाड म्हटलं होतं? नुसत्या उपासमारीनं चांगल्या माणसाचं असं होतं. मग रात्री दहाला डब्यातली सगळी चिवडा-चकली संपवणारी माझी पोरगी अधाशी कशी? ती सकाळपासून उपाशी आहे.

म्हणून उपचारातही आधी जेवणाच्या वेळाच लावून देतात असं ते म्हणाले. सकाळी, दुपारी, रात्री, आणि मधे थोडं-थोडं. तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. रात्रीच्या त्या खाण्याची मुळं दिवसाच्या उपाशी राहण्यात असतात. उलटीनं खाल्लेलं सगळं बाहेरही पडत नाही, दात आणि पोटॅशियम तेवढं जातं. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायचा नाही, दात अजून घासले जातात, नुसत्या पाण्यानं चूळ भरायची. हे दातांच्या बाईंनी मला जाताना दारात सांगितलं, तू पैसे देत होतीस तेव्हा.

रक्त तपासलंस काय? बघ, लिहायचं नाही म्हणालो आणि लिहिलं. रात्री दोनला जाग येते आणि मला तो जिना दिसतो. तुमच्या बिल्डिंगचा जिना मी बघितलाय, वळणावर दिवा नाही. स्नेहल घरी नसती तर? असो.

तू आईला म्हणालीस की ऑफिसमध्ये सगळ्या माझ्या डब्याकडं बघतात. बघतही असतील. पण त्यांच्या डोक्यात काय आहे हे तुला कसं कळतं? तुझ्या डोक्यातलं तू त्यांच्या डोळ्यांत वाचतेस. ही नजर कुठून येते ते ऐक, हेही डॉक्टरांनी सांगितलं, मला फार पटलं. फिजी बेटांवर नाद्रोगा म्हणून भाग आहे. तिथं भरलेली बाई म्हणजे सुखी घरची बाई, आलेल्याला पोटभर वाढणं हीच त्यांची रीत. अगदी आपल्यासारखं. 1995 मध्ये तिथं टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा शाळेतल्या मुलींना विचारलं होतं, वजन राखायला उलटी काढतेस का? एकीनंही हो म्हटलं नाही. 1998 मध्ये परत विचारलं तर शंभरात अकरा मुली हो म्हणाल्या. तीन वर्षांत. त्या पोरींची हाडं तीच, आयांच्या हातचं जेवण तेच. फक्त आपल्याकडं कुणीतरी बघतंय आणि आपण कमी पडतोय, ही नजर घरात येऊन बसली. तुझ्या खिशात तर ती चोवीस तास आहे. फोन फेकून दे म्हणत नाही. ज्या बायकांचे व्हिडिओ बघून तुला स्वतःची चीड येते, तेवढ्या तरी काढून टाक.

आणि त्या नजरेपायी आपली माणसं तुला पहारेकरी वाटायला लागली. आई दारात उभी होती ती पकडायला नव्हती गं. तिला आत पाणी वाहण्याचा आवाज येत होता आणि तुझा येत नव्हता.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर मला इंग्लंडच्या पॉल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचं नाव लिहून दिलं. त्यांनी मायेची भीती मोजली आहे. मायेचीही भीती असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्याला माया द्यायची भीती, दुसऱ्याकडून घ्यायची भीती, आणि स्वतःवर माया करायची भीती. तुझ्यासारख्यांना पहिली नसते, देताना हात आखडत नाही. दुसरी आणि तिसरी जबर असते. स्वतःवर माया करायलाच जे घाबरतात त्यांना उपचारही लागू पडायला जड जातात असं अभ्यासात दिसलंय म्हणाले. तुला आतून वाटत असणार की जरा सैल सोडलं तर सगळं हातचं जाईल, नोकरी, नाव, सगळं. बाळा, तू एम.एस्सी. झालीस ती स्वतःला शिव्या देऊन नाही झालीस. मी बघितलंय ना. गिरणीच्या माळ्यावर टेबलफॅन, खाली पट्ट्याची घरघर, तुझ्या वहीवर पिठाची धूळ, आणि तू फुंकर मारून पुढची गणितं सोडवायचीस. आवडत होतं तुला. आपल्या घरात गिरणीच्या उधारीच्या वहीपलीकडं आकडे पहिल्यांदा तूच नेलेस. त्याच आकड्यांनी आता तुझ्या चपातीचे तुकडे मोजावेत हे मला सोसत नाही.

घेण्याचं सांगतो. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 चे सात हजार! आणि खाशाबांनी ते घेतले. खेड्यातला स्वाभिमानी माणूस, त्याला काय संकोच वाटला नसेल? पण घेतले, आणि देशाला पदक मिळालं. परत आल्यावर कुस्त्यांच्या पैशातून त्यांनी ते घर सोडवलं असं तालमीत सांगतात. लहानपणी तू ही गोष्ट मला परत परत सांगायला लावायचीस, आणि दर वेळी "आणि सर रागावले नाहीत?" असं विचारायचीस. सर कशाला रागावतील? द्यायला मिळालं म्हणून त्यांना बरंच वाटलं असेल. तू आज्जीला भरवताना तुला कसं वाटायचं? तेच तुझ्या आईला ताट वाढताना वाटतं, स्नेहलला तुझ्यासाठी खिचडी टाकताना वाटतं. तू ताट सरकवलंस की ते वाटणं आमच्या हातात तसंच राहतं.

याचा अर्थ आमच्यासाठी खा असा नाही. डॉक्टरांनी बजावलंय, आईबापाच्या समाधानासाठी खायला लावू नका, त्याचंही ओझं होतं. मला नीट मांडता येत नाही. तू आज्जीपाशी जशी बसायचीस, घाई न करता, हिशोब न करता, सांडलं तरी पुसून, तशी तू एकदा तुझ्या स्वतःच्या ताटापाशी बसावीस, एवढंच मला म्हणायचंय.

व्याख्यान फार झालं. माफ कर. गिरणीत दिवसभर मोठ्यानं बोलायची सवय, कागदावरही तेच होतं.

आता ठरवायचं. पुण्यात खाण्याचे आजार बघणारे मानसोपचार डॉक्टर आहेत, इथल्या डॉक्टरांनी दोन नावं दिलीत, सोबतच्या चिठ्ठीत लिहिलीत. बोलून करायचे उपचार असतात, त्यात बुलिमिया बरा होतो, लागली तर गोळीही असते. वेड लागलंय म्हणून जायचं नाही, आजार आहे म्हणून जायचं, दाढेसाठी गेलो तसं. तोवर एखाद्या रात्री फार झालं आणि आम्हाला सांगवेना, तर 14416 वर फोन कर. सरकारी आहे, टेली मानस म्हणतात, चोवीस तास चालू, फुकट, आणि मराठीत बोलतात. मी स्वतः लावून बघितला. पलीकडच्या मुलीनं माझंच इतकं ऐकून घेतलं की फोन ठेवताना मी तिला आशीर्वाद दिला. पण चक्कर आली, छातीत धडधडलं, उलटीत रक्त दिसलं, तर फोनबिन काही नाही. सरळ रिक्षा करून हॉस्पिटल. स्नेहलला घेऊन. रक्ताचा रिपोर्ट आला की...

बरं, लिहूनच टाकतो, रिपोर्ट आला की फोटो पाठव. बाकी काही नको. जेवणाचं विचारणार नाही, वजनाचं विचारणार नाही. रिपोर्टचा फोटो मात्र पाठव, ऋतू.

आईचं तुझ्यावर काही नाही. ती त्या दिवसापासून तुझ्या खोलीत झोपते. काल कोजागरीला दूध आटवलं, आज्जीनं चंद्राला दाखवून तुझं नाव घेतलं. विक्या म्हणतो दिवाळीला दीदी आली की मी तिच्यासोबत वर गच्चीत जेवणार, खाली पंगतीत नको. हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्याचं त्यानंच सुचवलं. तुला चालत असेल तर तसं करू, आणि नसेल तर जसं तू म्हणशील तसं.

शनिवारी गिरणी बंद ठेवतोय. पहाटेच्या एस.टी.नं निघून अकरापर्यंत स्वारगेटला उतरेन. डॉक्टरांची वेळ दुपारी दोनची घेऊन ठेवलीय, नको वाटली तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळव, बदलून घेऊ, पण रद्द करायची नाही. आत तू एकटी जा. मी बाहेर बाकावर बसतो, तू सांगशील तेवढंच ऐकेन, विचारणार काही नाही. स्नेहलला यायचं असेल तर तिलाही घे. येताना तुझा तो निळा स्वेटर आणतोय, तो तू दसऱ्याला इथंच विसरलीस.

तुझे,
पप्पा